रबरी चाक

प्रसेनजीत टेलिफोनचा लाइनमन. कुठल्या खांबावर, कुठल्या जोडात बिघाड आहे ते शोधायचं, हाच त्याचा धंदा. त्यामुळं हुपरीहून आणलेला जुना कॅसेट डेक टकटक करायला लागला तेव्हा तो घाबरला वगैरे नाही. चहा संपवला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला.

डेक घेतला होता वडिलांसाठी. भीमजयंतीला गावोगाव गाणारा तो माणूस जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याचा आवाज एका कॅसेटवर तेवढा उरला होता. डेकवर तो मोकळा लागायचा. पण त्याच्याखाली तीन ठोके, मग एक घासल्याचा आवाज, मग परत तीन ठोके.

त्यानं पट्टा बदलला. मोटरला तेल दिलं. कॅसेट न घालता डेक चालवला, तरी ठोके होतेच. एखादा भाग झिजला तर आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर यायला हवा. हा मधेच थांबायचा, काम करणाऱ्यानं कपाळावरचे केस मागं सारावेत, तेवढाच.

शेवटी रविवारी डेक पिशवीत घालून तो एसटीनं हुपरीला गेला. ज्यांच्याकडून घेतला त्या धोंडुबाई पत्र्याच्या सोप्यात चांदीचे पैंजण घडवत बसल्या होत्या.

"मावशी, तुमच्याकडंबी असाच वाजायचा का ह्यो?"

"न्हाय बा. गाणी झ्याक लागायची."

त्यानं डेक चालू केला. धोंडुबाईंचा हात जागीच थांबला.

"रूपाली हाय," त्या म्हणाल्या.

रूपाली त्यांची लेक. गेल्या साली काविळीनं गेली. याच डेकवर गाणी लावून दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडायची. तीन ठोके हाणायची, एकदा कानस फिरवायची. तिच्यामागं डेक डोळ्यांसमोर नको, म्हणून त्यांनी तो विकला होता.

प्रसेनजीतला हे पटलं नाही. पण वादही घालवेना.

"पावणं, हितंच ऱ्हाऊ द्या की ह्यो."

"चार दिवस द्या. बाबांची गाणी तेवढी उतरवून घेतो, मग तुमालाच देतो."

"बरं. पर उघडू नगासा. हाय तसा आणा."

"न्हाय उघडत."

शब्द दिला तेव्हा तो पाळायचं त्याच्या मनात होतं. पण गाणी उतरवताना बाबांचा सूर वर चढला, की नेमके ठोके पडायचे. आतलं रबरी चाक तेवढं बदलायचं राहिलं होतं. नवं घालायचं, काम झालं की जुनं परत बसवायचं. म्हातारीला काय कळणार?

त्यानं नवं चाक घातलं. ठोके थांबले. बाबा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ गायले. त्याची बायको अक्षता स्वयंपाकघराच्या दारात पदर डोळ्यांना लावून उभी राहिली.

मग त्यानं जुनं चाक बसवलं. डेक चालू केला. काहीच नाही. जुना पट्टाही परत घातला. डेक नुसता फिरत राहिला.

तसाच तो हुपरीला नेऊन दिला. धोंडुबाईंनी डेकच्या झाकणावर कान टेकला. आजूबाजूच्या घरांतून ठोके येत होते, डेकमधून नाही. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"उघडलासा व्हय?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. त्या ओरडतील, शिव्या देतील, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"च्या घेऊन जावा," त्या म्हणाल्या.

घरी आला तर अक्षता दारातच उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "अहो, एक पोरगी आलीया. हुपरीला जायचंय म्हणती."

"कोण?"

"काय की. मी मागं धुणं धूत हुते, आत आले तर उभीच. गाडी कुठनं सुटती ते सांगितलं, दार उघडून दिलं, पर पायच बाहेर पडंना तिचा. शेवटी बसवली आत. म्हटलं, तुम्हीच पोचवा."

प्रसेनजीत आत गेला.

खोलीत कुणी नव्हतं. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता. डेक ठेवायच्या फळीखाली, फरशीवर चांदीचा बारीक कीस पडला होता.

तो खाली वाकला.

कीस अजून पडत होता. थोडा पडायचा, थांबायचा, परत पडायचा. आवाज मात्र कसलाच नव्हता.