बावखलातला फोन

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून विनया म्हणाली, "आण तो फोन इकडे. आज सगळी साफसफाईच करून टाकू."

माणिकपूरच्या एका छोट्या ऑफिसात दोघी शेजारी-शेजारी बसायच्या. सुरुचीने नवऱ्याचं गोखिवऱ्याचं घर सोडलं, ही गोष्ट तिथे एकट्या विनयालाच ठाऊक होती. घर सोडल्यापासून तिने फोन बंदच ठेवला होता. तसं पाहिलं तर मयूरला नावं ठेवायला जागा नव्हती, असं सगळेच म्हणत. दारू नाही, शिवीगाळ नाही. फक्त ती भाजी घ्यायला उतरली की लगेच फोन यायचा, "कोपऱ्यावर एवढा वेळ कुणाशी बोलतेयस?" मैत्रिणीला काय लिहिलं, आईपाशी काय रडली, सगळं त्याला तोंडपाठ! रोज जेवणं झाली की तो तिचा फोन घेऊन बसायचा आणि ती मान खाली घालून समोर. आरशापुढे उभं राहायचीसुद्धा तिला चोरी झाली होती. आता तुम्हीच सांगा, माणसाने जगायचं कसं असं?

"पासवर्ड कुणी ठेवलाय?" विनयाने विचारलं.

"त्यानेच. फोन त्याने घेऊन दिला ना लग्नात."

"आणि तू खूश! अगं, शेजारणीला घराची चावी देताना आपण दहादा विचार करतो."

"नवरा होता गं," सुरुची म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला.

विनयाने मग चेष्टा थांबवली. पासवर्ड बदलला. लोकेशन बंद केलं. कुठल्या ॲपला काय परवानगी दिलीय ते एकेक तपासलं. "हे बघ, टॉर्चच्या ॲपला तुझा माइक कशाला पाहिजे? उजेड काय कानाने पडतो?" सुरुचीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

शेवटी त्या अकाउंटवर कोणकोणते फोन चालू आहेत, ती यादी उघडली. फोन दोन होते.

"हा दुसरा माझाच जुना," सुरुची म्हणाली. "नर्मदाआत्याला दिला होता." आपल्याकडे असंच असतं. नवा फोन आला की जुना घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे जातो, आतल्या अकाउंटसकट, जसाच्या तसा. पुसायचं कुणाच्या ध्यानात येतं?

"मग आत्याला सांग, की..."

"आत्या गेली, विनया. गेल्या गणपतीनंतर. वाडीतल्या बावखलावर फुलं भिजवायला गेली होती. छातीत कळ आली, काठावर टेकली ती उठलीच नाही. फोन तेव्हाच पाण्यात पडला."

विनयाने यादीवर बोट ठेवलं. जुन्या फोनपुढे लिहिलं होतं, "सक्रिय : आत्ताच. निर्मळ." निर्मळ, म्हणजे आत्याचंच गाव.

"कुणीतरी काढून वापरत असेल," असं म्हणून तिने तो फोन यादीतून काढून टाकला. "झालं. आता मयूरला काही म्हणजे काही दिसणार नाही."

सुरुचीचा जीव भांड्यात पडला. कारण ती राहत होती ती निर्मळलाच, आत्याच्या बंद घरात. मयूरला हा पत्ता लागला तर तो येणार, चार लोकांत गोड बोलून तिला घेऊन जाणार, आणि मग खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जाणार. तसं त्याने बोलूनच दाखवलं होतं.

संध्याकाळी ती निर्मळला पोहोचली तेव्हा वाडीत अंधारून आलं होतं. केळीची पानं एकमेकांवर घासून सळसळत होती. घरामागे ते बावखल, वाडी शिंपण्यासाठी जुन्या लोकांनी खणलेलं तळं, काळंशार आणि गप्प. ओल्या मातीचा, शेवाळाचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. शेजारची ॲनीमावशी तव्यावरचे माशाचे दोन तुकडे घेऊन आली, तेव्हा सुरुचीने सहज विचारलं, "मावशी, आत्याचा फोन कुणी बाहेर काढला का गं?"

"कोण काढणार? पार चिखलात रुतलाय तो. आणि नर्मदा गेल्यापासून तिथे कुणी पाय नाय ठेवला." ॲनीमावशीने छातीवर क्रूस केला. "तू पण संध्याकाळची जाऊ नको. दार लावून घे, आणि काय लागलं तर हाक मार. आमचा लुईस घरातच हाय."

ती गेली, आणि फोनवर मेसेज आला. मयूरचा.

"निर्मळला आहेस. दिसतेयस मला. येतोय."

सगळं तर बंद केलं होतं! तिने घाईघाईने यादी उघडली. पुन्हा दोन फोन. जुना फोन, सक्रिय, आत्ताच. तिने तो काढला. तो गेला... आणि परत आला. नकाशावर निळा ठिपका होता, बरोबर बावखलाच्या मधोमध.

तिने दिवे घालवले, दोन्ही दारांना कड्या लावल्या आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उकिडवी बसली. लुईसला हाक मारावी, तर मयूर जवळ आला असला तर आधी त्यालाच ऐकू जाईल. हातातल्या पडद्यावर ठिपका हलला. काठावर आला. केळींतून सरकत, थांबत, घराकडे निघाला.

मागच्या दाराबाहेर ओल्या चपला वाजल्या. फचक... फचक... आणि थांबल्या. दाराच्या फटीतून शेवाळाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला मोगऱ्याचा. आत्या मोगऱ्याचे गजरे करायची. तो वास आयुष्यभर तिच्या बोटांना होता.

"आत्या...?" सुरुची पुटपुटली.

बाहेरून, कडी आतून नीट बसली आहे ना, हे बघावं तसं कुणीतरी दार हळूच दाबून पाहिलं. सुरुचीला एकाएकी रडू कोसळलं. भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण इतक्या दिवसांत आपली काळजी घेणारं कुणीतरी आलंय, असंही तिला वाटलं.

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. खिडकीच्या फटीतून मयूर दिसला, मोबाईलच्या उजेडात तोंड निळसर झालेलं. तो पुढच्या दारापर्यंत आला. हात कडीवर ठेवणार, इतक्यात त्याने पडद्याकडे बघितलं आणि हसला.

"मागून पळतेस होय..."

तो वळला आणि फोनकडे बघत बघत केळींत शिरला. सुरुचीच्या हातातला ठिपकाही चालला होता, त्याच्या थोडा पुढे, त्याची वाट बघितल्यासारखा थांबत थांबत. मग अंधारातून हाक आली, अगदी मायेची.

"या जावईबापू... इकडे या..."

धप्पकन पाणी उडालं. पाठोपाठ मयूरची किंकाळी.

लुईस टॉर्च घेऊन धावला. कमरेएवढ्या पाण्यातून त्याने मयूरला ओढून काढलं. ना जखम, ना खरचटलेलं, पण बोबडी वळलेली. मयूर पाण्याकडे बोट दाखवत एवढंच म्हणत होता, "माझा फोन तिच्याकडे आहे... ती सगळं उघडून बघतेय... सगळं बघतेय..." मोटरसायकल तिथेच टाकून तो रस्त्याकडे पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी विनयाला बरोबर घेऊन सुरुचीने पोलिसांत तक्रार दिली. मयूर परत फिरकला नाही. सुरुची निर्मळलाच राहिली, रात्रीची शांत झोपू लागली. फोन उशाशी घ्यायचीही भीती राहिली नाही. विनयाने नवं अकाउंट उघडून दिलं होतं आणि आता पासवर्ड सुरुचीशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

मग एका रविवारी दुपारी, ओसरीवर बसल्या बसल्या, तिने सहज त्या नव्या अकाउंटची यादी उघडली. फोन एकच असायला हवा होता. दोन होते. जुना फोन, सक्रिय, आत्ताच. पण ठिपका आता बावखलात नव्हता. तो गोखिवऱ्याला होता, तिच्या सासरच्या इमारतीवर, जराही न हलता.

सुरुची कितीतरी वेळ बघत राहिली. बरं झालं, असं आधी मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. चोवीस तास डोळे रोखलेल्या घरात राहणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

"आत्या, पुरे आता. ये परत," ती हलकेच म्हणाली आणि तिने जुना फोन यादीतून काढून टाकला. या खेपेला तो परत आला नाही. तिला हायसं वाटलं.

तोच फोन वाजला. सासूबाई होत्या. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"सुरुची, ठेवू नकोस गं... मी त्याची बाजू घ्यायला नाही केला फोन." त्या इतक्या हळू बोलत होत्या की जेमतेम ऐकू येत होतं. "तो रात्ररात्र दिवा मालवू देत नाही. घरातली सगळी कपाटं उघडी टाकतो. काल आंघोळीलासुद्धा दार लावलं नाही त्याने. लावून घे म्हटलं, तर रडायला लागला. म्हणतो, आई, तिला बंद दार चालत नाही..."

पलीकडे काहीतरी वाजलं.

"...सुरुची, मी आत्ता खोलीचं दार लावून तुझ्याशी बोलत होते. ते उघडलं गं."