शेवटची बरगडी

शनिवारची दुपार झाली की कवळीवाला दुकानाचं शटर अर्धं ओढायचा, हाताला लागलेलं प्लास्टर धुवायचा आणि रिब्ज खायला निघायचा. यात भुताटकीचं काही नाही, बरं का. कुणीही जेवायला निघतं तसा तो निघायचा. घाबरायची वेळ आली की मी सांगेन. तोवर नीट ऐका.

कवळीवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं त्याच्याकडे पाठवायचे आणि तो त्यावरून कवळ्या, कॅप असलं बनवून द्यायचा. म्हणून बायको चिडवायची, "अहो कवळीवाले!" मग अख्ख्या गल्लीनं ते उचललं. या नवराबायकोला एकच वेड, धुरावर शिजवलेल्या रिब्जचं, म्हणजे डुकराच्या बरगड्यांचं. सिनेमा नाही, सहली नाहीत. शनिवारी कुठलं हॉटेल, एवढाच काय तो प्रश्न. हॉटेल शोधायचं त्यानं आणि निकाल द्यायचा तिनं. ताटली आली की ती आधी अख्खा तुकडा उलटा करायची आणि बरगड्यांच्या मागचा पातळ पापुद्रा सोललाय का ते बघायची. सोललेला नसला तर आचारी कामचुकार, विषय संपला. मांस दातांनी ओढल्यावर हाडापासून सुटायला हवं, आपण होऊन गळून पडता कामा नये. वर सॉसचा चिखल असला की म्हणायची, "काहीतरी लपवतोय मेला." आणि सगळं जमून आलं तरी तिचा निकाल ठरलेला. "हं… चाललं. पुढचं बघू." ज्या दिवशी ती "हं… हेच" म्हणेल त्या दिवशी हा शोध संपणार होता. तो दिवस काही आला नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. ज्यानं हॉटेल शोधलं, शेवटची बरगडी त्याची. म्हणजे दर वेळी याची. आणि दर वेळी याची नजर चुकवून ती पळवायची ही बाई! पळवली हे लपायचंही नाही. तिच्या सुळ्यावरची कॅप यानंच बनवली होती. घरचंच काम म्हणून घाईत उरकलं आणि कॅप केसभर लांब झाली. ती हाड चोखायची तेव्हा त्यावर एक बारीक, तिरका चरा उमटायचा. हा म्हणायचा, "अगं दे, घासून देतो." ती म्हणायची, "राहू द्या. तुमची चूक माझ्या तोंडात आहे तोवर तुम्ही धाकात राहाल."

मग ती आजारी पडली. शेवटी शेवटी तर पाण्याचा घोटही उतरेना. इस्पितळाच्या खाटेवर याचा हात धरून म्हणाली, "चांगल्या रिब्ज शोधून ठेवा हं. मी आलेच." त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तो रडला नाही. रडू येईल म्हणून वाट बघत बसला, पण आलं नाही. आणि त्याच्या जिभेची चव गेली. मीठ, मिरची, साखर, सगळं एकच. डॉक्टर म्हणाले, जिभेला काही झालेलं नाही, मनाला धक्का बसलाय, येईल हळूहळू. त्याला मनात काही बसल्यासारखंही वाटत नव्हतं. आत कुणी राहतच नसल्यासारखं रिकामं वाटायचं, एवढंच. पण तिला शब्द दिला होता. म्हणून दर शनिवारी निघायचा, पापुद्रा तपासायचा, चावायचा, गिळायचा, आणि चांगलं की वाईट हेच कळायचं नाही. एकदा चव सांगायला मोठ्या बहिणीला सोबत नेलं. ती बिचारी म्हणाली, "मला सगळ्या सारख्याच लागतात रे." ही ताई आता त्याच्याकडेच राहायची आणि त्याच्या मागे लागायची. "हाडांच्या मागे फिरतोस आणि स्वतः हाडांचा सापळा झालायस! शर्ट काढलास तर बरगड्या मोजता येतील. अरे, एकदा ढसाढसा रड, मोकळा हो."

"एकदा चव लागू दे, ताई," तो म्हणायचा. "एकदाच. म्हणजे तिला सांगता येईल."

त्या शनिवारी तो लाकडाच्या वखारीमागच्या एका हॉटेलात गेला. मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये काळीठिक्कर भट्टी. भट्टीपुढं आचारी लाकडं सारत बसलेला. दुपारचं लख्ख ऊन, टेबलं भरलेली, पोरंटोरं किंचाळतायत. वेटरनं दोन ताटल्या मांडल्या.

"एकटाच आहे मी," कवळीवाला म्हणाला.

वेटरनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बरं…" म्हणाला, पण ताटली उचलली नाही.

रिब्ज आल्या. पापुद्रा साफ सोललेला. सॉस अगदी बेताचा. त्यानं चावा घेतला, मांस छान सुटलं, आणि तोंडात पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. एकेक करत त्यानं संपवल्या. शेवटची उरली ती सवयीनं समोरच्या ताटलीत सरकवली आणि पाणी मागायला मागे वळला.

परत समोर वळला तेव्हा ताटलीत नुसतं हाड होतं. स्वच्छ चोखलेलं. त्यावर एक बारीक, तिरका चरा.

घाबरायला हवं होतं. तो घाबरला नाही. नुसता बघत राहिला, दुसऱ्याच कुणाच्या टेबलाकडे बघावं तसा. वेटर पाणी घेऊन आला आणि हसला. "आवडलं नाही वाटतं, साहेब?"

"असं का म्हणता?"

"मघाशी तुम्हीच म्हणालात की… 'चाललं. पुढचं बघू.' तेही बायकी आवाज काढून. मला वाटलं, गंमत करताय."

कवळीवाल्यानं हाड रुमालात गुंडाळलं आणि तडक दुकान गाठलं. फळीवर बायकोच्या दातांचा, कॅप बसवल्यावर घेतलेला जुना साचा ठेवलेला होता. सुळा चऱ्याला लावून पाहिला. तंतोतंत बसला. आता हा माणूस कामाचा पक्का. त्यानं स्वतःला समजावलं, की बाबा रे, भान हरपून तूच खाल्लीस ती बरगडी, आणि चरा कशानंही पडतो. खात्री करायला मेणाची पट्टी ऊन करून तोंडात धरली, चावली, त्या मापात प्लास्टर ओतलं आणि वाट बघत बसला.

प्लास्टर घट्ट झालं. त्यानं साचा सोडवून हातात घेतला.

सुळा केसभर लांब होता.

त्यानं तोंडात बोट घालून चाचपलं. दात त्याचेच होते. डावीकडची काढलेली दाढ, तिथली रिकामी जागा, सगळं जिथल्या तिथं. साच्यात मात्र ती दाढ होती.

इतक्यात वरच्या घरातून ताई चहा घेऊन जिन्यानं खाली आली. "हा तुझ्या बायकोचाच साचा ना रे? जपून ठेवलायस हो!" तिनं तो कौतुकानं उचलला आणि चटकन खाली ठेवला. "अगबाई… गरम कसा हा?"

नुकतं ओतलेलं प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं तो नवा साचा उचलून जुन्याशेजारी फळीवर ठेवला.

"आणि शर्टावर सॉस सांडून आलास! काढ तो, लगेच भिजत घालते, नाहीतर डाग जायचा नाही."

त्यानं खाली पाहिलं. डाव्या कुशीत, खालच्या बाजूला तांबडा डाग. त्यानं बटणं सोडली, शर्ट काढून तिच्या हातात दिला. ताई शर्टाकडे बघेना. त्याच्या अंगाकडे बघत राहिली.

"अरे… हे काय?"

त्याच्या शेवटच्या बरगडीवर एक बारीक, तिरका चरा होता. ओला.

"दुखत नाही तुला?"

त्यानं बोटानं दाबून पाहिलं. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं. आणि तेवढ्यात, कितीतरी महिन्यांनी, त्याच्या जिभेवर चव आली. आधी धूर, मग मीठ, मग हाडालगतचा तो गोडवा. इतकी सुरेख चव त्यानं जन्मात घेतली नव्हती. तोंडाला पाणी सुटलं. डोळेही घळाघळा वाहायला लागले.

"हां, रड, रड बाबा," ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "काय होतंय तुला? बोल ना रे…"

त्याला सांगायचं होतं, ताई, धर मला. त्यानं तोंड उघडलं.

"हं…" आवाज त्याच्या तोंडातून आला. "हेच."