जांभळ्यावर पिवळा

"तुम्ही मिशिगनचा अर्धा भाग कापून टाकलाय."

झेरॉक्सच्या दुकानात मागून आवाज आला, तशी ती वळली. एक किडकिडीत तरुण तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होता. कागदावर तिनं स्वतः काढलेला अमेरिकेचा नकाशा होता. खरं सांगायचं तर, तो वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसत होता.

"ते राज्य दोन तुकड्यांत आहे," तो म्हणाला. "मधे मोठं सरोवर. वरचा तुकडा तुम्ही शेजाऱ्याला देऊन टाकलात."

"असू दे. मला तिथली मतं मोजायचीत, तिथं घर बांधायचं नाहीये."

"कुठल्या निवडणुकीतली मतं?"

"न झालेल्या."

हे ऐकून लोक हसत, नाहीतर घड्याळ बघत. त्यानं मात्र आपले कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "म्हणजे कशी?"

मग तिला सांगावंच लागलं. ती कादंबरी लिहीत होती. एक गव्हर्नर आणि एक सिनेटरबाई, दोघंही तिच्या मनातले, अध्यक्षपदासाठी समोरासमोर उभे होते. तिकडची रीत अशी, की देशभरातली मतं नुसती एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं असतात आणि राज्यात जो जिंकेल, त्याच्या पदरात ती बहुतेक ठिकाणी सगळीच्या सगळी पडतात. अशी एकूण पाचशे अडतीस.

"आता समजा," ती म्हणाली, "दोघांनाही दोनशे एकोणसत्तर मिळाली... तर?"

"तर?"

"तेच लिहितेय."

तो शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढत असे. पुढच्याच आठवड्यात तो तिच्या कादंबरीचा नकाशा काढायला तिच्या आत्याच्या प्रकाशन-कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसला. आत्या त्याला 'नकाशेवाला' म्हणायची, म्हणून सगळेच म्हणू लागले. खऱ्या पक्षांची कुणाला आठवण नको, म्हणून त्यानं गव्हर्नरला पिवळा रंग दिला आणि सिनेटरबाईंना जांभळा.

आत्याला हा प्रकार फारसा रुचला नव्हता. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे मी जन्मभर ऐकत आलेय," ती म्हणायची. "आता तीनशे पानं तेच छापायचं, तेही माझ्याच पैशानं?"

"पटेल असं लिहिलं तर लोक वाचतील, आत्या."

"मला आधी मिशा पटू देत."

काम सुरू झालं. ती एखादं प्रकरण बदले आणि त्याला निरोप धाडी. तो येई, बाह्या दुमडी, ब्रश दातात धरून कागद सरळ करी.

"आज कोण फिरलं?"

"विस्कॉन्सिन."

"परवा तर जांभळं होतं."

"मन बदललं त्याचं."

"त्याचं... की तुमचं?"

ती खाली बघे. तो हळूच हसे आणि ओल्या रंगावर फुंकर घाली. रंग वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नसे. दोघं नुसते बसून राहत. कधी तो समुद्राला कुठला निळा द्यावा ते विचारी, कधी काहीच बोलत नसे. त्या वाळण्याच्या वेळेवरच तिचा जीव जडला.

आणि मग तिला एक गोष्ट कळली. पिवळ्यावर जांभळा सहज बसतो. जांभळ्यावर पिवळा काही केल्या बसत नाही, नुसता चिखल होतो. जांभळं राज्य पिवळं करायचं तर नवा कागद घेऊन सगळा देश पहिल्यापासून काढावा लागतो. असा देश काढायला दोन-तीन दुपारी सहज लागत.

त्यानंतर तिच्या कादंबरीत जांभळी राज्यं भराभर पिवळी होऊ लागली.

निवडणूक बरोबरीत सुटली. निवड तिकडच्या प्रतिनिधी सभागृहाकडे गेली. तिथं लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत, आणि पन्नासांपैकी सव्वीस हवीत. तिनं पंचवीस-पंचवीस केली. फेरमतदान घेतलं. पुन्हा पंचवीस-पंचवीस.

"अगं, कुठे घोडं पेंड खातंय तुझं?" आत्या वैतागली. "एवढ्यात त्या लोकांनी दोन अध्यक्ष निवडून घरीही पाठवले असते."

ती काय सांगणार? अध्यक्ष ठरला की कादंबरी संपणार. कादंबरी संपली की नकाशा संपणार. आणि नकाशा संपला, की खिडकीजवळची ती खुर्ची...

एका दुपारी नकाशेवाला निरोप नसताना आला.

"आता लांबवता येणार नाही," तो म्हणाला. "मी त्यांची राज्यघटना वाचली. वीस जानेवारीला दुपारी जुन्या अध्यक्षाची मुदत संपते. सभागृहाचं ठरो न ठरो, त्या घटकेला कुणीतरी कारभार हाती घेतोच. तुमचा शेवट लिहा. आज काय ते रंगवून देतो. सोमवारी मी दुसऱ्या शहरात नोकरीवर रुजू होतोय."

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. आत्यानं दोघांकडे एकदा पाहिलं आणि "चहाचं बघते" म्हणून आत निघून गेली.

"नोकरी? अचानक?"

"अचानक नाही. दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतं त्यांनी. मी गप्प बसलो होतो." त्यानं ब्रश पुसला, पुन्हा पुसला. "मग तुम्ही नकाशा नव्यानं काढायला लावलात. मग पुन्हा. माझं काम पसंत नाही, तोंडावर सांगायचा संकोच वाटतोय तुम्हाला... एवढं कळतं मला. म्हणून हो म्हटलं."

ती हसली आणि तेवढ्यातच तिचे डोळे भरून आले. ज्या युक्तीनं ती त्याला धरून ठेवत होती, त्याच युक्तीनं त्याला दाराबाहेर लोटलं होतं.

"नकाशा पहिल्याच दिवशी पसंत होता," ती म्हणाली. "जांभळ्यावर पिवळा बसत नाही, म्हणून... नवा काढायला तुम्ही पुन्हा याल, म्हणून."

"हे कळलं असतं तर मी ती नोकरी घेतलीच नसती," तो म्हणाला.

"कळलं असतं तर, घेतली नसती तर... वर्षभर मी तेच लिहितेय. कंटाळा आला मला त्या 'असतं'चा." तिनं पेन खाली ठेवलं. "मला तू आवडतोस. आत्ता. यात जर नाही आणि तर नाही."

'तू' ऐकून तो कानापर्यंत लाल झाला.

"शब्द दिलाय मी त्यांना," तो म्हणाला. "जावं लागेल."

"जा की. दिलेला शब्द मोडणारा मला आवडला नसता." मग तिलाच हसू आलं. "बघ, आलंच पुन्हा 'असतं'."

तोही हसला. त्यानं रंगाची पेटी मिटली, दारापर्यंत गेला.

"येतो."

घराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. 'जातो' म्हणू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण तिला आज नुसत्या रीतीवर भागवायचं नव्हतं.

"म्हणायचं म्हणून म्हणतोयस, की...?"

तो उंबऱ्यात थांबला. "महिनाअखेरीला दोन दिवस सुटी मिळते," तो सावकाश म्हणाला. "गाडी सकाळी पोचते. तू स्टेशनवर येशील?"