नंबर चारची घरघर

दुकानात सहा स्पीकर सहा वेगवेगळी गाणी एकाच वेळी ओरडून म्हणत होते, आणि तिला नेमकी ओरडायचीच बंदी होती.

"स्पीकर... बघायचा होता," ती म्हणाली. काउंटरवरच्या काकांनी कानामागे हात धरला. ती पुन्हा म्हणाली. काकांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि तिच्यापुढे मोबाइलची कव्हरं मांडली. तिसऱ्यांदा सांगताना घसा खरखरला, तेव्हा तिने नाद सोडला आणि ती दाराकडे वळली. तेवढ्यात आतल्या टेबलाशी एका उघड्या स्पीकरच्या पोटात डोकं घालून बसलेल्या माणसाने मान वर न करताच हात लांबवला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. सहाही गाणी गपकन थांबली.

"त्या तीनदा स्पीकर मागतायत, काका," तो म्हणाला.

मग त्याने मान वर केली. गालाला काळं लागलेलं, कानावर खोचलेली पेन्सिल, आणि डोळे असे की समोरचा अजून काहीतरी बोलणार आहे याची वाट बघत असावेत. एवढ्या गोंगाटातून आपला आवाज आतल्या टेबलापर्यंत पोचला, याचंच तिला इतकं नवल वाटलं की पुढे काय बोलायचं ते ती विसरून गेली.

ती व्यायाम शिकवायची. निवृत्त झालेल्या माणसांना खुर्चीत बसून, खुर्ची धरून, खुर्चीभोवती फिरून करायचे व्यायाम. वर्गात तिला सगळे 'श्वासबाई' म्हणत, कारण दर दोन मिनिटांनी ती "श्वास घ्या" म्हणायची. पंखे घरघरत असायचे, मागच्या रांगेला ऐकू जायचं नाही, म्हणून ती ओरडून म्हणायची. घरी यायची तर तिथे बाबा. बाबांना तीन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. फक्त ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत होते, हल्ली लोकच पुटपुटायला लागले होते. तेव्हा घरीही ओरडणं आलंच. शेवटी घशात गाठी आल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, हळू बोला, कुजबुजू मात्र नका, आणि ओरडलात तर आवाज कायमचा जाईल.

हे सगळं पुढच्या शनिवारच्या तोंडावर. त्या शनिवारी नागरी क्रीडागृहाच्या मोठ्या हॉलमध्ये तिला चाचणीचा वर्ग घ्यायचा होता. आधीच्या शिक्षिकेला तिथून नारळ मिळाला होता, तो शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही या एकाच तक्रारीवरून. नोकरी कायमस्वरूपी होती, पगार बरा होता, आणि संचालिकाबाई स्वतः येऊन बसणार होत्या. एका हातात उचलता येईल, वर्गात चालेल आणि घरी बाबांच्या खुर्चीशेजारी मावेल असा स्पीकर तिला हवा होता. आणि आवाज स्वच्छ हवा होता.

"मोठा नको?" त्याने विचारलं.

"मोठा स्पीकर मी स्वतःच होते इतके दिवस. आता स्वच्छ हवाय."

तो हसला. काकांनी कपाळाला हात लावला. हा त्यांचा पुतण्या. दुरुस्तीत हुशार, विक्रीत शून्य. काका त्याला 'कानसेन' म्हणायचे, आणि ते नेहमी कौतुकानेच म्हणायचे असं नाही. गिऱ्हाईक एखाद्या स्पीकरवर खूश होऊन पाकीट काढायला लागलं की कानसेन शेजारी येऊन शांतपणे सांगायचा, यात तबला चांगला वाजतो, पण माणूस बोलला की पिंपात बसल्यासारखा वाटतो.

त्याची पद्धतच वेगळी होती. गाण्यावर स्पीकर पारखायचा नाही, असा त्याचा नियम. गाणं लावलं की कुठलाही स्पीकर चांगलाच वाटतो. त्याने फोन पुढे धरला आणि वर्गात सगळ्यात जास्त वेळा काय म्हणता, ते म्हणा, असं सांगितलं. ती थोडी लाजली. मग म्हणाली, "श्वास घ्या... खांदे सैल... आता हळूच सोडा." आणि शेवटी तिला हसू आलं, तेही त्यात आलं.

त्याने ते पहिल्या स्पीकरवर लावलं आणि डोळे मिटून घेतले. ती आपला आवाज ऐकत होती आणि तो ऐकताना त्याला बघत होती. तिचं बोलणं आजवर पुष्कळांनी ऐकलं होतं, पण असं कुणी नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, म्हणून तिने उगाच एक वायर उचलून नीट गुंडाळून ठेवली.

दुकानाची रीत होती की एकेक स्पीकर एका दिवसासाठी घरी न्यायचा, दुसऱ्या दिवशी परत आणायचा आणि कसा वाटला ते सांगायचं. तिचं सांगून झालं की तो फोन तोंडाशी धरून त्यात काहीतरी पुटपुटून ठेवायचा. काय बोलता, असं तिने एकदा विचारलं. नोंदी, तो म्हणाला, लिहायचा कंटाळा.

नंबर एकमधून तिचा आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा यायचा. नंबर दोनमध्ये प्रत्येक 'श्वास'ला शिट्टी वाजायची आणि वर्गातल्या आजीबाई दर वेळी दचकायच्या. नंबर तीन चांगला होता, पण वर्गापर्यंत तो उचलून नेताना तिचाच व्यायाम होऊन गेला.

आणि मग नंबर चार आला. तिने तो बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवला, कॉलरला छोटा माइक लावला आणि स्वयंपाकघरातून नेहमीच्या, अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, कॉफी ठेवू?"

"ठेव. साखर कमी."

तिचा हात भांड्यावरच थांबला. बाबा खुर्चीतून वळून स्पीकरकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तू एवढं गोड बोलतेस होय? मला वाटायचं, हल्ली तू सारखी माझ्यावर चिडलेली असतेस."

तिने ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. झालं, तिचं काम झालं होतं. तोच स्पीकर घ्यायचा, हे तिने तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत ते ठरलेलंच होतं.

"कसा वाटला?" कानसेनने विचारलं. आज गालाला काळं नव्हतं आणि केसही विंचरलेले होते. हा घेते असं म्हटलं की उद्या इथे यायचं काही कारणच उरणार नाही, हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं.

"चांगला आहे..." ती म्हणाली, "पण थोडी... घरघर येते."

"घरघर?"

"बारीकशी."

त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने तापलेल्या पोराला घ्यावं तसा नंबर चार दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. खोलून बघतो, म्हणाला. असं धडधडीत खोटं ती शाळा सुटल्यापासून बोलली नव्हती, आणि घरी परतताना तिला अपराधी वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात ती रस्त्याने गुणगुणत चालली होती.

पुढचे तीन दिवस उडून गेले. नंबर पाच, नंबर सहा. हातात येणारा प्रत्येक स्पीकर आधीच्यापेक्षा वाईट होता आणि तिची तक्रार मात्र दिवसेंदिवस कमी होत होती. दहा मिनिटांचं काम तासभर चालायचं. तो तिला सांगायचा की लहानपणी घरातला रेडिओ उघडून आतला माणूस शोधताना त्याने मार खाल्ला होता. ती त्याला वर्गातल्या गमती सांगायची. डॉक्टरांच्या हुकुमाने तिचा आवाज खालचाच, आणि तिच्यामुळे त्याचाही खाली आलेला, म्हणून दोघांना टेबलाच्या दोन बाजूंनी बरंच पुढे वाकून बसावं लागायचं. ऐकू न आल्याचं निमित्त मात्र त्याने एकदाही केलं नाही. तिला ते करायला चाललं असतं.

बाबा बोटांवर मोजत होते. "सातवा?" त्यांनी जिन्यातच, सगळ्या मजल्यांना कळेल अशा आवाजात विचारलं. "दुकान आहे की वाचनालय? आणि स्पीकरचं जाऊ दे गं, दुकानदार कसा आहे?"

शुक्रवार आला. उद्या चाचणी. कानसेनने टेबलाखालून नंबर चार काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हाच न्या," तो म्हणाला. "घरघर होती. काढली."

जी घरघर कधी नव्हतीच, ती त्याने काढली होती. तिला कुठे बघावं ते कळेना. तोही स्क्रू शोधत राहिला. काकांनी पिशवी भरून दिली आणि कानसेन दारापर्यंत येऊन म्हणाला, "काही बिघडलं तर... या."

"बिघडणार नाही. तुम्ही चांगलाच दिला असणार," ती म्हणाली, आणि घरापर्यंत स्वतःला शिव्या घालत गेली.

शनिवारी सकाळी हॉल भरला होता. चाळीस खुर्च्या, पहिल्या रांगेत वही घेऊन संचालिकाबाई, आणि शेवटच्या रांगेत, मुलीची नोकरी बघायला आलेले बाबा. हॉलचा नियम होता की चपला आणि फोन दाराशेजारच्या लाकडी खणांमध्ये ठेवायचे. फोन आत फक्त शिक्षिकेचा. तिने स्पीकर खुर्चीवर ठेवला, फोनवर संगीत तयार केलं. तेवढ्यात तिला दारात कानसेन दिसला. हातात चार्जिंगची वायर होती. दुकानात राहिली होती, असं तो खुणेने सांगत होता. दारावरच्या बाईंनी त्याचा फोन काढून घेतला आणि खणात सरकवला. त्या गडबडीत तिने स्पीकरवरचं बटण दाबून तो सुरू केला.

स्पीकर ज्या फोनला आधीपासून ओळखत होता, त्यालाच जाऊन चिकटला. तिच्या नव्हे, खणातल्या. आणि तो फोन साठवलेल्या नोंदी पहिल्यापासून बोलायला लागला.

"नंबर एक. टाकीतून बोलल्यासारखं. बाद," हॉलभर कानसेनचा आवाज घुमला. "नंबर दोन. बाईंना दिवसातून शंभर वेळा श्वास म्हणायचंय आणि याला शिट्टी आहे. बाद. नंबर तीन. आवाज ठीक, पण एवढं ओझं त्यांनी रोज का उचलावं? बाद."

दारात कानसेनचा चेहरा पांढरा पडला. तो खणांकडे धावला. चाळीस खण, चाळीस काळे फोन, सगळे पालथे. तिचं बोट बटणावर होतं. दाबलं की संपलं असतं. संचालिकाबाईंनी चष्मा वर केला.

"नंबर चार. स्वच्छ. हसायच्या आधी ती एक छोटा श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येतो. हाच द्यायचा."

तिने बटण दाबलं नाही. नोकरी जाते की काय, हे तिला दिसत होतं, आणि तरीही पुढचं ऐकल्याशिवाय तिला राहवेना.

"नंबर चार, पुन्हा. ती म्हणते घरघर आहे. दोनदा खोलला. घरघर नाही. मग ती खोटं का बोलली? मला वाटतंय तसं असेल, तर... तर उद्या पाच देऊ. पाच वाईट आहे. सहा त्याहून वाईट आहे. नंबर सात मी ऐकलाच नाही, ती बोलत होती." हॉलमधल्या आजीबाई एकमेकींना कोपरं मारू लागल्या होत्या. "शुक्रवार. दुकानातले वाईट स्पीकर संपले. उद्या तिची परीक्षा आहे, आता चार द्यायलाच हवा. मला ती फार आवडते. हे फोनला सांगून काय उपयोग म्हणा..."

फोन सापडला. आवाज तुटला. दारात वायर आणि फोन छातीशी धरून कानसेन उभा होता, आणि चाळीस माना एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे वळत होत्या.

माफी मागावी, तांत्रिक बिघाड म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण बिघाडाचं एक खोटं ती आधीच बोलून चुकली होती. तिने कॉलरवरचा माइक सरळ केला.

"नंबर चारला घरघर नव्हती," ती म्हणाली. साध्या, हळू आवाजात. आणि तो हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेला. "पहिल्या दिवसापासून नव्हती. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं होतं." तिने एक छोटा श्वास घेतला आणि तिला हसू आलंच. "आता... सगळ्यांनी खांदे सैल. विशेषतः दारातल्यांनी. श्वास घ्या."

दारातल्याने श्वास घेतला. चाळीस जणांनीही घेतला. मग तिने फोन जोडला, संगीत लावलं आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला वर्ग घेतला, एकदाही आवाज न चढवता.

वर्ग संपल्यावर संचालिकाबाई उठल्या, वही मिटली आणि म्हणाल्या की प्रश्न एकच आहे, शेवटच्या रांगेचा. उत्तर यायला वेळ लागला नाही.

"शेवटच्या रांगेत मी आहे," बाबा उभे राहून गरजले. "आणि मी बहिरा आहे. मला शब्द न शब्द ऐकू आला. त्याचाही आणि हिचाही."

तीन वर्षांत तो शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. तिचे डोळे भरून आले. संचालिकाबाईंचे ओठ हसू आवरता आवरता थरथरले. सोमवारपासून या, त्या म्हणाल्या, फक्त स्पीकरला फोन एकच जोडा.

मग एकच गलका उडाला. खुर्च्या सरकल्या, आजीबाई तिच्याभोवती जमल्या, सगळ्या एकाच वेळी बोलू लागल्या. तिने कॉलरवरचा माइक काढून खिशात टाकला. सगळ्यांच्या डोक्यांवरून, पार हॉलच्या त्या टोकाला तो दारातच उभा होता.

"बाहेर थांबशील?" ती तिथूनच म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"काय म्हणालीस?" शेजारी येऊन पोचलेल्या बाबांनी विचारलं. "मला नाही ऐकू आलं."

दारात कानसेनने मान हलवली. हो, थांबतो.

"काही नाही बाबा," ती हसून म्हणाली. "ज्याला म्हटलं, त्याला ऐकू आलं."