सगळे वर बघतात तिथं

विमान आलं ते थेट तिच्या खांद्यावर आदळलं आणि पायाशी पडलं. मैदानाच्या पलीकडून एक उंच तरुण हातातला रिमोट सांभाळत धावत आला.

"लागलं का हो?"

"मला... की विमानाला?"

"तुम्हालाच!" तो म्हणाला खरा, पण नजर मोडलेल्या पंखावर होती.

तिला हसू आलं. लग्न मोडल्यापासून ती अशी अचानक हसलीच नव्हती. बेकरीवाला होता तो. भुवयांना अजून पीठ लागलेलं होतं. वाऱ्याने विमान भरकटलं, म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

"पंख द्या इकडे. उद्या आणून देते," ती म्हणाली.

"तुम्हाला जमेल?"

"कवळ्या बनवते मी. दुसऱ्याच्या तोंडात चपखल बसवायचं काम करते. हे तर लाकूड आहे!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर विमानं उडवणाऱ्या त्याच्या गटाच्या म्होरक्या काकूंनी पंखावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर क्रेन चालवून निवृत्त झालेल्या या बाई कुणाचं सहसा कौतुक करत नसत.

"जोड कुठाय गं?"

"शोधा."

काकू खळखळून हसल्या. "आमच्यात ये. याचं विमान फेकायला जोडीदार हवाच आहे, स्पर्धा तोंडावर आल्यात. पण का यायचंय ते सांग. मी सगळ्यांनाच विचारते."

"हात स्थिर आहे माझा," तिने सांगून टाकलं.

खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. घरी आई तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी हळू बोलायची. आत्या फोनवर उसासे टाकायची. रस्त्यात ओळखीची माणसं मान तिरकी करून तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधायची. इथं मात्र सगळ्यांच्या माना वर! तिच्या तोंडाकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

तो तिला विमान फेकायला शिकवू लागला.

"ढकलू नकोस... नुसतं सोड. वारा घेईल त्याला."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर पंख तुझ्याकडेच येणार ना दुरुस्तीला. माझं काय नुकसान?"

तो रोज कागदात गुंडाळून गरम पाव आणायचा. करपलेत, विकता येणार नाहीत, म्हणायचा. ती चारी बाजूंनी न्याहाळून बघायची, एकही करपलेला नसायचा. ती गुपचूप खायची. हळूहळू तिला भूक लागू लागली, झोप लागू लागली. एकदा कामावर कवळी घासता घासता ती गुणगुणली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईने चमकून पाहिलं.

स्पर्धेत विमान ठरलेला वेळ वर ठेवायचं आणि जमिनीवरच्या लाल खुणेच्या जितकं जवळ उतरवता येईल तितकं उतरवायचं. पहिल्या दोन्ही स्पर्धांत त्याचं विमान खुणेपासून लांबच पडलं. तिसऱ्या स्पर्धेच्या दिवशी काकू भडकल्या. "शेवटच्या क्षणी लक्ष कुठं असतं तुझं? आज चुकलास, तर संघातून नाव काढणार मी!"

त्याचा चेहरा उतरला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून गेली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"माझं लग्न मोडलं होतं. मी इथं का आले माहितेय? इथं सगळे वर बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही... तुमच्या सगळ्यांच्या जिवावर सावरले रे मी."

तो रिमोटकडे बघत पुटपुटला, "एक जण बघायचा."

"काय?"

"विमान उतरताना... म्हणून तर चुकायचं."

तिचे कान तापले. काकूंनी त्यांच्या नावाचा पुकारा केला. दोघं उठली. विमान हातात घेतल्यावर तिला एकदम सुचलं.

"हे बघ, विमान वर आहे तोवर मी चालत जाते आणि खुणेच्या मागे उभी राहते. तिकडे बघायला तुला कुणी अडवलंय का?"

ती वाऱ्यासमोर धावली आणि तिने हात अलगद मोकळा केला. विमान चढत गेलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. ती खुणेमागे जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून. विमान वळलं, खाली आलं... तो तिच्याकडेच बघत होता, उघडउघड. विमान गवताला घासत आलं आणि खुणेच्या वीतभर अलीकडे थांबलं.

काकूंची आरोळी पार रस्त्यापर्यंत गेली असेल!

तो धावत आला, पण विमान उचलायला वाकलाच नाही.

"तू मला फार... म्हणजे तू मला आवडतेस. उत्तराची घाई नाही हं. सावकाश सांग."

"मला आहे घाई," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत तिने त्याचा हात हातात घेतला.