प्रोफेसर ओंग यांची अँटिबॉडी

"सुहैला माझी विद्यार्थिनी, मला मुलीसारखी," प्रोफेसर ओंग म्हणाले. "पण माझ्या अँटिबॉडीची शेवटची कुपी तिनं रात्रभर टेबलावर ठेवून नासवली. सकाळी मीच ती उचलून फ्रीझरमध्ये टाकली. तिला लॅबमधून काढण्याआधी बाहेरच्या माणसाचा शब्द हवा, एवढंच."

पेनांगमध्ये खाजगी तपास करणाऱ्या खू आंटींनी काम घेतलं. त्यांचा मदतनीस रहीम याचं डोकं जरा सावकाश चालायचं, पण ही उतू जाणारी माया त्यालाही पहिल्यापासून नकोशी झाली.

लॅबकडे जाताना प्रोफेसरांनी समजावून सांगितलं. शरीरात साखर जाळणारं एक एन्झाइम असतं. त्याला फॉस्फेट चिकटलं की ते बंद पडतं. त्यांची अँटिबॉडी म्हणे फक्त असं फॉस्फेटवालं एन्झाइमच पकडते. सिंगापूरची कंपनी ती विकत घेणार होती, सोमवारी तपासायला येणार होती. आता तपासायला उरलंच काय? हातानं करायची कामं आपण केव्हाच सोडली, त्याला पोरं आहेत, असं म्हणून ते हसले.

फ्रीझर सांभाळणारा वेलू कुरकुरतच आला. इथली प्रत्येक अँटिबॉडी अर्ध्या ग्लिसरीनमध्ये भरतात, म्हणाला, म्हणजे ती गोठत नाही. सारखी गोठली-वितळली की कामातून जाते. आंटींनी एकेक कुपी उजेडात तिरकी केली. आतला दाट द्रव सावकाश सरकत होता. प्रोफेसरांची कुपी मात्र पांढरीफटक, कडक. ती आंटींनी रहीमच्या हातात दिली.

"गार आहे," तो म्हणाला.

"शाबास."

सुहैलाचे डोळे सुजले होते. काढून टाकलं तर शिष्यवृत्ती जाणार, आणि असा डाग घेऊन आलेल्या मुलीला दुसरी लॅब दारातही उभी करणार नव्हती. कुपीला आपण हातच लावला नाही, असं ती म्हणाली. मग चाचरत आणखी एक गोष्ट सांगितली. मागच्या आठवड्यात तिनं एका नमुन्यातलं फॉस्फेट काढून टाकलं होतं. अँटिबॉडीनं एन्झाइम पकडलं की फिल्मवर काळा पट्टा उमटतो; इथं तो दिसायलाच नको होता, तरी होता तसा काळाकुट्ट उमटला. सर म्हणाले, तुझाच हात वाईट.

प्रोफेसरांच्या खोलीत कॉफी आणि कापलेले पेरू आले. आंटींनी ताटलीकडे पाहिलंही नाही.

"अँटिबॉडी नासली, तरी ग्लिसरीन कुठं जातं, प्रोफेसर? फ्रीझरमध्येही ती पातळच राहायला हवी. तुमच्या कुपीत बर्फ आहे. आतला माल ओतून कुणीतरी साधं पाणी भरलंय."

"मग वेलूनं?" रहीमनं विचारलं.

"वेलू आणि सुहैला रोज कुप्या भरतात. त्यांनी लबाडी केली असती तर ग्लिसरीन घालूनच. ते विसरेल असा इथं एकच माणूस, ज्याचा हात वर्षानुवर्षं कामाला लागलेला नाही. कुपी आपणच फ्रीझरमध्ये ठेवली, हेही त्यानंच सांगितलं. सोमवारी कंपनीला कळलं असतं की ही अँटिबॉडी फॉस्फेट ओळखतच नाही, एन्झाइम दिसलं की धरते. पोरीला ते आधीच कळलं होतं. म्हणून कुपीही संपवायची आणि पोरगीही."

प्रोफेसरांनी रुमालानं ओठ टिपले. नाकारायची तसदीसुद्धा घेतली नाही. "चालतं असं, आंटी. तरुण आहे ती, मिळालं असतं कुठंतरी काहीतरी." आणि पेरूची ताटली पुढे सरकवली.

रहीमला शिसारी आली. मुलगी म्हणत म्हणत हा माणूस तिचा गळा कापायला निघाला होता, वर पेरू खा म्हणत होता. तो उठून बाहेरच आला.

सुहैला दाराशीच होती. "सुटलीस बघ," तो म्हणाला.

ती हसली नाही. "काका, माझा अख्खा प्रबंध त्याच अँटिबॉडीवर आहे. ती खोटी, म्हणजे माझा एकेक पट्टा खोटा."

तोवर आंटी बाहेर आल्या. सुहैलानं ओढणीनं डोळे पुसले.

"अहवाल लिहा, आंटी," ती म्हणाली. "माझ्या प्रबंधासकट सगळं लिहा."