भिलाची घागर

कंदील बारीक करा रे, डोळ्यांवर येतो. आणि टरबुजं राखायला आलात ना वाळूत, मग आडवं पडायचं नाही. तुमचा डोळा लागला की कोल्हे जेवायला बसलेच म्हणून समजा. जागं राहायला गोष्ट हवी? सांगतो. भुताची म्हणा हवं तर, मी म्हणत नाही.

वरच्या गल्लीतला धुडकू तुमच्या ओळखीचा आहे. फौजेतून आलेला. तोंडाजवळ नेलेला पाण्याचा लोटा खाली ठेवतो, म्हणून तुम्ही त्याला हसता. मी पाहिलंय तुम्हाला हसताना. परवा आखाजी, तुमच्या शाळेतली अक्षय्य तृतीया. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, सेहेचाळीस सालच्या आखाजीच्या आदल्या रात्रीची. ऐका, आणि उद्यापासून त्याला हसणं बंद करा.

त्या दिवशी दुपारी धुडकू माझ्याकडे बैलगाडी मागायला आला. गल्लीतल्या सात घरांच्या नव्या घागरी प्रकाशा गावच्या कुंभाराकडून आणायच्या होत्या. मी गाडीत गवत पसरून दिलं, म्हटलं हळू हाक, मातीचा माल आहे. तो मान हलवून गेला. दोन कोसांची वाट. दिवेलागणीला परत यायला काही हरकत नव्हती.

आता आखाजीला आपल्याकडे काय करतात ते तुम्ही घरी पाहता, पण लक्ष कुठे असतं तुमचं? सांजोऱ्यांवर. नवी घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं, विस्तवावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. त्याचं वर्षाचं पाणी त्या दिवशी त्याला पोचतं. घागर घरच्याच माणसाच्या हातची लागते. आणि जिवंत माणसाची भरत नाहीत. भरली तर त्याचं आयुष्य तोडल्यासारखं होतं.

इथंच सगळा घोटाळा होता.

धुडकू आणि भिला दोघं एकाच दिवशी धुळ्याला जाऊन भरती झाले होते. ब्रह्मदेशाच्या अंगाला लढाईवर गेले. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात भिलाच्या आईला, भिकुबाईला, सरकारी कागद आला. गावात वाचणारा मी. कागदात लिहिलं होतं, बेपत्ता. मेला नाही, जिवंत नाही, बेपत्ता. पुढच्या आखाजीला तिनं घागर भरली नाही. त्यानंतर मात्र सगळ्यांनी समजावलं, बाई, आता या वर्षी भर, पोरगा तिकडे तहानेला असेल. ती तयार झाली होती.

आणि पौषात धुडकू नंदुरबारच्या ठेसनावर उतरला. घरी जायच्या आधी भिकुबाईनं त्याला रस्त्यातच धरलं.

"मन्हा भिला कोठे शे रे?"

धुडकू म्हणाला, "दवाखानामा शे, माय. पायले लागेल शे. येई तो."

झालं. म्हातारीनं गावभर गूळ वाटला. म्हणाली, "जित्ता पोरनी घागर कसाले भरू मी?"

भिला दवाखान्यात नव्हता. डोंगरात त्याच्या पोटात गोळी लागली होती. धुडकू शेजारीच होता. भिला पाणी मागत होता, आणि दोघांत मिळून एकच बाटली होती, तीही अर्धी. "पानी लई येस", म्हणजे पाणी घेऊन येतो, असं सांगून धुडकू ती बाटली घेऊनच निघाला. परत गेलाच नाही. वाटेत ते पाणी त्यानं स्वतः पिऊन टाकलं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की पोरगा बिघडलाय. रात्री घरातली सगळी भांडी भरून ठेवायचा आणि पहाटे ती रस्त्याच्या बाजूला रिकामी करायचा. बायको विचारायची तर म्हणायचा, तो आला होता. चारचौघांत पाणी प्यायचा नाही. नदीवर जाऊन, पालथं पडून, कोणी बघत नाहीसं पाहून प्यायचा. लोक म्हणायचे, लढाईनं डोकं फिरवलं. मीही म्हणायचो.

तर त्या दिवशी कुंभाराकडे गर्दी होती. घागरी हाती पडेपर्यंत देवळातली आरती झाली. सात घागरी लावून झाल्यावर धुडकूनं आणखी एक मागितली.

कुंभार म्हणाला, "सात सांगेल व्हत्यात ना भो? आठवी कोनले?"

"फुटनी बिटनी तर लागी," धुडकू म्हणाला.

खोटं. आठवी भिलाची होती. त्याचा विचार असा, की म्हातारीला काही सांगायचं नाही, आपणच गुपचूप कुठेतरी घागर भरू, भिलाचं नाव घेऊ, आणि सुटू. मला नंतर त्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. पण खरं सांगू? त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

द्वितीयेची कोर कधीच मावळली होती. गाव मागे पडलं. वारा नाही. घागरी एकमेकींना लागून बारीक वाजत होत्या.

गोमाई नदीच्या उताराला येईपर्यंत काही नाही.

उतारावर गाडी उलाळ झाली. तुम्ही गाडी हाकता, तुम्हाला कळेल. मागे वजन वाढलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यांना पट्टे आवळतात. पण उतारावर? उतारावर तर वजन पुढे येतं. आणि रिकाम्या घागरींचं वजन ते काय...

बैल घोगरे हंबरले. थांबले.

घागरी वाजायच्या बंद झाल्या.

धुडकूनं मागं पाहिलं नाही. त्याला वास आला, म्हणाला. ओल्या पानांचा. चिखलाचा. वैशाखात, कोरड्या गोमाईत...

मग आवाज. अगदी कानाशी नाही. गाडीच्या मागच्या टोकाकडून.

"धुडक्या..."

त्यानं कासरा घट्ट धरला.

"पानी लई उना का?"

पाणी आणलंस का, असं विचारत होता तो आवाज. धुडकू खाली उतरला. मागं न बघता हात मागे घालून एक घागर ओढून घेतली. नदीच्या वाळूत गुडघे टेकले आणि हातांनी झिरा उकरायला लागला. वाळू ओली लागली. आणखी खोल. पाणी सुटलं. ओंजळीओंजळीनं त्यानं ती घागर भरली. किती वेळ लागला त्याला ठाऊक नाही. बोटांची नखं गेली होती. मी सकाळी पाहिली ती बोटं.

भरलेली घागर गाडीमागे ठेवली. डोळे मिटून घेतले.

"भिला... पी ले भाऊ."

काही नाही.

"पी ले रे. मी लई उनू. उशीर व्हयना... पन लई उनू."

काही नाही...

मग अगदी दमलेला आवाज आला.

"तुन्हा हातनं नही."

...

"मायना हातनं."

धुडकू तिथेच वाळूत बसून राहिला. तांबडं फुटलं तेव्हा उठला. घागर ओतली, गाडी जुंपली.

उजाडताना गाडी माझ्या दारात आली. मी बैल सोडायला गेलो तर दोघांच्या गळ्यांना खालून वळ उठलेले. मी तोंड उघडणार, तर हा माझ्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं, लढाईचंही आणि रात्रीचंही. म्हणाला, "दोधू आबा, आजच सांगनं पडी. तुम्ही संगे चाला."

आणि मी काय म्हणालो? पोरांनो, हे सांगायला मला अजून लाज वाटते. गल्लीत झोके बांधले होते. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. भिकुबाई दारात सडा टाकत होती, मला बघून हसली. मी म्हणालो, "आज सण शे रे. दोन दिन जाऊ दे, मंग सांग." सणाच्या दिवशी कुणाच्या घरी मेल्याची बातमी नेत नाहीत, हे माझ्या हाडात भिनलेलं. पण घागर तर आजच भरायची असते. एवढं म्हातारं डोकं, आणि ते मला सुचलं नाही. की सुचलं होतं आणि मीच टाळलं? तिचं ते हसणं मला मोडायचं नव्हतं.

मध्यान्हीला भिकुबाईनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. तिनं तिच्या नवऱ्याची घागर भरली होती. एकच. धुडकूला तिनं हाताला धरून पाटावर बसवलं.

"बठ. हाऊ भिलाना पाट शे. तो येस तवलोंग तू बठ."

पुरणपोळी वाढली. आमरस वाढला. पाण्याचा लोटा त्याच्यापुढं ठेवला. तो लोट्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, खोटं कशाला बोलू.

"पी ना रे," ती म्हणाली.

"माय..."

"काय?"

"भिला दवाखानामा नही."

ती वाढायची थांबली.

"तो तठेच मरी गया. पानी मांगी ऱ्हायंता. मी लई येस सांगीसन पळी गवू."

बाहेर पोरी झोक्यावर गात होत्या. भिकुबाई रडली नाही. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "आखो एक घागर शे का, दोधू भाऊ?" मी या वयात धावत गेलो आणि गाडीतली आठवी घेऊन आलो. तिनं ती धुतली, भरली, नवऱ्याच्या घागरीशेजारी मांडली. वर खरबूज ठेवलं. आगारी टाकली. "भिला," एवढंच म्हणाली.

मग धुडकूकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"तू तेले पानी नही दिनं, ती लढाई व्हती रे. पन तू माले बी दिऊ नही दिनं."

आणि आणखी दोन दिवस तिला देऊ न देणारा मीच होतो.

आम्ही बाहेर येऊन लिंबाखाली बसलो. भिकुबाईनं ताटं काढली, जेवणाची जागा उंबऱ्यापर्यंत शेणानं सारवून घेतली आणि आमच्याजवळ येऊन बसली. घराला दार एकच, ते माझ्या समोर. दारातून कोणी आत गेलं नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी शपथ घेतो.

थोड्या वेळानं ती आत गेली. मग मला एकट्यालाच हाक आली.

"दोधू भाऊ... हाई पाहा."

ओल्या सारवणावर उंबऱ्यापासून खुणा होत्या. एक कोपर, मग दुसरं कोपर, पुन्हा पहिलं. आणि दोन्हींच्या मध्ये, पोट घासत नेल्यासारखा रुंद पट्टा. सरळ त्या नव्या घागरीपर्यंत.

परत फिरल्याच्या खुणा मी सगळीकडे शोधल्या... नव्हत्या.

भिकुबाई अजून दर आठवड्याला घर सारवते. उंबऱ्यापासूनचा तो पट्टा तेवढा सोडते.